भुरीची चौकशी

म्हसरूळ, नाशिक
४ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप सुलाआत्यास,
ओरखडलेल्या दोन्ही हातांचा साष्टांग नमस्कार.

‘फोनवर तू नुसतं हं हं करतेस, त्यापेक्षा पत्र लिहीत जा,’ अशी तुझी आज्ञा होती. त्यानुसार लिहीत आहे. तुझ्या भाचीने दहावीपासून बी.ए.पर्यंत पहिला क्रमांक सोडला नाही, पण तिला बोलता येत नाही, हे तू सगळ्या दिंडोरीला सांगितलेच आहेस. लिहिता तरी येते, हे आता तू सांगू शकशील.

माझ्या खोलीत उंदीर दिसला, एवढेच मी तुला म्हणाले होते. त्यावर तू रविराजदादाबरोबर द्राक्षांच्या खोक्यातून जे मांजर पाठवलेस, त्याच्या कामगिरीचा अहवाल देणे माझे कर्तव्य आहे. पहिल्याच दिवशी उभयतांची भेट झाली. दोघांनी एकमेकांकडे शांतपणे पाहिले. नंतर उंदीर आपल्या वाटेने गेला आणि मांजर माझ्या उशीवर. तेव्हापासून त्यांच्यात काही समझोता झाला असावा. दोघेही सुखात आहेत. गैरसोय काय ती माझी.

सदर प्राण्यास दूध चालत नाही. साय चालते. पोळी चालत नाही, माझ्या ताटातली पोळी चालते. शैक्षणिक मानसशास्त्राच्या टिपणांवर बसल्याखेरीज त्याला झोप येत नाही, आणि मला ज्या पानाची गरज असते नेमक्या त्याच पानावर ते बसते. वाळूची पेटी लागते, म्हणून पलीकडच्या बांधकामावरून पिशवीभर वाळू मागून आणली. ती मागण्यासाठी मी तेथे तीनदा गेले आणि दोनदा काही न बोलता परत आले. तिसऱ्यांदा मुकादमाने आपणहूनच विचारले, ‘काय हवंय ताई?’

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात सराव पाठ असतात. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभे राहून शिकवायचे आणि मागच्या बाकावर निरीक्षक मॅडम बसणार. त्याच्या तयारीला मला शांतता हवी. तुझ्या भेटीबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे ठरलेले नाही.

तुझी,
योगिनी


दिंडोरी
१२ ऑगस्ट

चि. योगिनीस आत्याचा आशीर्वाद आणि एक धपाटा.

काय गं, ‘सदर प्राणी’ काय? तलाठ्याचा दाखला लिहितीस का? नाव हाय तिला. भुरी. द्राक्षाच्या पानावर नि मण्यावर राखेवानी पांढुरका रोग बसतो, त्याला आम्ही भुरी म्हणतो, हे तुला माहीत हाय. लहानपणी बोटानं पुसत हिंडायचीस. हिचा रंग तस्साच, म्हणून भुरी. तुझे आतोबा म्हणले, द्राक्षवाल्याच्या घरात असलं नाव अपशकुनी. मी म्हणलं, रोग तर येतोच, निदान एक भुरी तरी मांडीवर बसंल.

उंदीर ती धरंल. दम धर. पोर नवी हाय, तुझ्यावानीच लाजरी. माणसात आली की धरंल.

गॅलरीला जाळी नसंल तर खाली पडंल. बागेवर पाखरांसाठी टाकतो ती जुनी जाळी रविराजकडं देते. बांधून घे. बांधता येत नसंल तर खालच्या मालकिणीला म्हण. म्हणजे तोंडानं म्हण, चिठ्ठी सरकवू नको.

तुझी आत्या


म्हसरूळ
२२ सप्टेंबर

ती. सुलाआत्यास नमस्कार.

जाळी मिळाली, बांधली. मालकीणबाई चतुराबाईंना मी तोंडाने सांगितले नाही, चिठ्ठीही सरकवली नाही. खुर्चीवर चढून स्वतःच बांधली. त्यामुळे माझी गॅलरी आता दुरून द्राक्षबागेसारखी दिसते. येणारे-जाणारे वर बघतात.

उपरोक्त प्राण्याच्या प्रकृतीविषयी. लस टोचली. पुढे पिल्लांचा प्रश्न उभा राहू नये म्हणून शस्त्रक्रियाही करून घेतली. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘हिची आई कोण?’ सगळे बाकडे इकडेतिकडे पाहू लागले. आत्या, मी हात वर केला. सतरा वर्षांच्या विद्यार्थिदशेत एवढ्या लोकांसमोर मी हात वर केलेला नाही. उत्तर येत असूनही नाही.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा बांधला होता. तो घालून ते खोलीभर असे फिरत असे की जणू आता कोणत्याही क्षणी नळाला पाणी येण्याची वेळ जाहीर करील. दहा दिवस मी त्याला चमच्याने भरवले. डब्यातले मासे ते खाते, मी मेतकूट-भात. या महिन्यात घ्यायचा शब्दकोश पुढच्या महिन्यात घेईन. शब्द कुठे पळून जात नाहीत, मांजर जाते.

चतुराबाईंचा नवा प्रश्न असा की रोज संध्याकाळी मी खोलीत कोणाशी बोलते. ‘भाडं एकटीचं ठरलंय,’ असे त्या जिन्यात म्हणाल्या. मी ‘अभ्यास’ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी जिन्याकडे. मांजर ठेवायचे तर खोली सोडा, असेही त्या म्हणाल्या. त्यावर मी त्यांना दोन पानी निवेदन दिले आहे. त्यात प्राण्याच्या स्वच्छतेचे वर्णन अशा थाटात केले आहे की चतुराबाईंना स्वतःची लाज वाटावी. अजून वाटलेली दिसत नाही.

एकूण काय, खर्च, कटकट, ओरखडे आणि केसांनी भरलेली एकुलती एक काळी ओढणी. पाळीव प्राणी म्हणजे आनंद, असे ज्याने लिहिले त्याच्याकडे बहुधा मासा असावा.

योगिनी


दिंडोरी
६ ऑक्टोबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र रविराजनं जेवताना मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मी नाय हसले. मला वाटलं, ही पोर एकटी राहती, शिकती, आणि मी तिच्या गळ्यात हे लचांड बांधलं. मालकीण घर सोड म्हणती, पैसा जातो, पुस्तक राहतं, अभ्यास बुडतो. तू भिडस्त. घेऊन जा म्हणायची नाय, नुसती लिहीत बसशील.

तर आता तू काळजी करू नको. येत्या रविवारी रविराज पिकअप घेऊन येतोय. भुरीला परत आणतो. इथं छाटणी उरकली, गोदामात नवी खोकी येऊन पडलीत आणि उंदरांनी कुरतडायला घेतलीत. तिच्या हाताला काम मिळंल, तू मोकळी होशील.

तुझी आत्या

येताना पोत्यात घालून आणायला सांगितलंय. उघड्यावर आणलं तर वाट पाठ करून परत तुझ्याकडं पळंल.


म्हसरूळ
१३ ऑक्टोबर

ती. सुलाआत्यास नमस्कार.

हे पत्र रविराजदादा मांजरासोबतच आणून देईल.

तू माझी अडचण इतक्या तत्परतेने ओळखलीस, याबद्दल कृतज्ञता कोणत्या शब्दांत व्यक्त करावी? माझ्या पत्रातला प्रत्येक शब्द तू खरा मानलास. असा वाचक क्वचित लाभतो. सुटकेचा आनंद एवढा आहे की सकाळपासून जेवण सुचलेले नाही.

सदर प्राणी ताब्यात घेताना काही बाबी ध्यानात घ्याव्यात. पाण्याचे भांडे पसरट असावे, मिशा कडेला लागलेल्या त्याला खपत नाहीत. पोटावर हात लावू देते असे दाखवते, लावू नये. दाराची कडी वाजली की पलंगाखाली जाते. त्याला भित्रे म्हणू नये, थोडा वेळ द्यावा, आपणहून बाहेर येते. पोत्याची आवश्यकता नव्हती. मी माझी काळी ओढणी खोक्यात घातली आहे, तिच्यावर ते शांत राहते. ओढणी परत नको. तशीही केसांनी भरली होती.

जेवणाच्या वेळेची एक गोष्ट आहे. पण ती लिहिण्यासारखी नाही. नवीन घरी त्याची सवय मोडेलच.

चतुराबाईंना आज फार आनंद झाला. मलाही झाला, असे मी त्यांना सांगितले.

योगिनी


दिंडोरी
५ नोव्हेंबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

अगं, या मांजराला तू काय शिकवलंस? उंदीर समोरून गेला की बाजूला सरकून वाट देतं. गोदामात खोक्यांच्या थप्पीवर अगदी वर जाऊन बसलंय. खाली यायचं नाव नाय. तुझी ओढणी पण वर ओढून नेली.

ते एक वेळ चाललं. पण खात नाय गं. वाटी ठेवली की वाटीकडं नाय, माझ्या तोंडाकडं बघत बसतं. मी भाषण करणार हाय, असं! मी म्हणलं, खा बाई. म्हणलं, गिळ. रविराजनं पुस पुस केलं, शिट्टी मारली. तुझ्या आतोबांनी विठ्ठल विठ्ठल म्हणून पाहिलं. ते आमच्याकडं टक लावून बघतं आणि तोंड फिरवतं. नापास केल्यावानी.

जेवताना त्याला काही म्हणायचं असतं का? तू पत्रात ‘एक गोष्ट’ लिहिली होतीस. ती काय ते एका ओळीत कळव. लय वाळलंय.

तुझी आत्या


म्हसरूळ
१४ नोव्हेंबर

ती. सुलाआत्यास नमस्कार.

मांजराशी बोलणारी माणसे जगात असतात, असे ऐकून आहे. मी त्यांतली नाही. ‘एक गोष्ट’ म्हणजे फक्त एवढेच की अन्न कोमट असावे. बाकी भूक लागली की प्राणी खातो, असे शास्त्र आहे. मला यात नव्वदपैकी सत्त्याऐंशी गुण होते.

येथे माझे उत्तम चालले आहे. खोली स्वच्छ आहे. टिपणांवर कोणी बसत नाही. संध्याकाळी खोलीतून आवाज येत नाही, म्हणून चतुराबाईंनी वर येऊन मी आजारी आहे का, याची चौकशी केली. उंदीर मात्र आता ताटापर्यंत येतो. त्याचीही काही तक्रार दिसते.

माझा पहिला सराव पाठ झाला. नववीचा वर्ग, श्लेष अलंकार. श्लेष म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, हे मी फळ्यावर अतिशय सुंदर अक्षरात लिहिले आणि तास संपेपर्यंत फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले. निरीक्षक मॅडमनी शेरा दिला आहे : ‘आशय उत्तम असावा. ऐकू आला नाही.’ पुढचा पाठ डिसेंबरअखेर आहे. त्यातही असेच झाले, तर शिक्षिका होण्याचा विचार सोडावा, असे त्यांनी सौम्य शब्दांत सुचवले. मी मान हलवली. मान मला चांगली हलवता येते.

तिकडे धुके पडू लागले असेल. सर्वांनी प्रकृतीस जपावे.

भुरी कशी आहे?

योगिनी


दिंडोरी
५ डिसेंबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, बागेत घडांची विरळणी चालू हाय. तू भुरीची चौकशी केलीस, लय बरं वाटलं. शहरात राहून पण घरच्या गोष्टीची काळजी हाय म्हणायची.

भुरीनं यंदा पार वात आणला बघ. धुकं पडलं तशी जास्तच माजली. बघावं तिकडं तीच. पहिल्यांदा मला वाटलं, राहू द्या, ऊन पडलं की बरी होईल. रविराज म्हणला, आता दया दाखवून भागायचं नाय. गुरुवारी सकाळीच औषध मारलं. दोन दिसांत गेली. आता जिवाला शांतता हाय. शेजारच्या ठमाबाईंकडं अजून हाय, त्या पण उद्या मारणार हायेत.

तू मनाला लावून घेऊ नको. दर साली एवढं करावंच लागतं.

तुझी आत्या


दिंडोरी
१२ डिसेंबर

चि. योगिनीस, आशीर्वाद किती देऊ ते कळंना.

तू गेल्यापासून गोदामात दुसरा विषय नाय. मी कागद घेऊन बसले, कारण काल काय घडलं ते तुला नीट माहीत नसणार. तू भानावर कुठं होतीस?

फोन केलास म्हणतेस, तो घरात चार्जिंगला होता, आम्ही सगळे बागेत. म्हणून तू एसटीनं आलीस. दुपारची वेळ, विरळणीच्या बाया गोदामात भाकरीची फडकी सोडून बसलेल्या. रविराज औषधाच्या टाकीपाशी. आणि दारात तू! पायांत दोन जोडांच्या दोन चपला. लहानपणी पाव्हणे आले की कणगीमागं लपणारी माझी भाची अशी ओरडली की पत्रा वाजला.

‘दादा, भुरीला औषध मारलंत तुम्ही?’

रविराज म्हणला, ‘मारलं. मग काय तिची आरती करू?’

‘तिनं काय बिघडवलं होतं तुमचं?’

‘काय बिघडवलं? दोन एकर पांढरी केली!’

‘दोन एकर?’

‘अजून ठेवली असती तर शेजारच्या बागेत गेली असती.’

‘मग जाऊ द्यायची होती! तिला पुरलीत तरी का?’

रविराजनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. तो हळूच म्हणला, ‘आई, शिकून शिकून हिचं डोकं फिरलं वाटतं. भुरीला पुरतात व्हय?’

तू तिथंच मटकन बसलीस आणि रडायला लागलीस. ‘मी सांगितलं नाही. मला लाज वाटली. एक वाक्य सांगितलं असतं तर ती जेवली असती.’ तेव्हा पेठकडची फुलाबाई हाय ना, घास तोंडात धरून म्हणली, ‘अवो, ताई मांजराचं इचारते वाटतं! ते तं वर बसलंय.’

बया बया बया. मी पत्रात रोगाचं लिहीत होते गं! तुझी सगळी पत्रं काढून बघितली. सदर. उपरोक्त. सदर. भुरी म्हणून कुठं एक शब्द नाय. मग शेवटी ‘भुरी कशी आहे’ आलं, तेही धुक्याच्या ओळीखाली, तर मला बागच वाटणार ना? नेमकं खरं विचारलंस आणि नेमकं तेच मला खोटं कळलं.

पुढचं तुला आठवतंय का? वर थप्पीवर ते हाडकुळं मांजर. चोरून दोन घास खायचं, एवढ्यावर तगलेलं. आम्ही वाटी ठेवली, नेहमीसारखं ढुंकून बघितलं नाय. तू डोळे पुसलेस, ताठ उभी राहिलीस, हात मागं बांधलेस, आणि सगळ्या बायांसमोर खणखणीत आवाजात म्हणालीस,

‘विद्यार्थी मित्रांनो! कालच्या तासाला आपण काय शिकलो?’

भुरी टुणकन खाली. एकेक खोकं उतरत आली, तुझ्यासमोर बसली, शेपूट पायाभोवती घेतली आणि वाटीत तोंड घातलं. तिच्या आईला शोभंल असं जेवली.

म्हणजे पोरी, तू रोज संध्याकाळी तिला समोर बसवून पाठ घेत होतीस. आणि मला लिहितेस, मांजराशी बोलणाऱ्यांतली मी नाही!

फुलाबाई लय चावट. ती म्हणली, ‘हजर, बाई! काल मी नव्हते, काय शिकवलं?’ सगळ्या हसल्या. मला वाटलं, आता तू पळतीस कणगीमागं. तर तू म्हणलीस, श्लेष शिकवला. एकाच शब्दाचे दोन अर्थ. उदाहरण द्या. फुलाबाई बोट वर करून म्हणली, ‘भुरी!’ मग तू जी बोलत सुटलीस, भाकरी संपल्या, पाणी पिऊन झालं, बाया उठंनात. शेवटच्या खोक्यापाशी बसलेल्या म्हातारीला पण ऐकू गेलं, ती एका कानानं बहिरी हाय. शेवटी मलाच म्हणावं लागलं, मास्तरीणबाई, बायांची रोजी माझ्या खिशातून चाललीय.

भुरी तुझ्याकडंच राहील. इथं तिचा काही उपयोग नाय. ती विद्यार्थिनी हाय, कामकरीण नाय. तू तिला पोत्यात न घालता मांडीवर घेऊन एसटीत बसलीस तेव्हा मी अडवलं नाय. म्हणलं, बघू दे रस्ता. परत यायचं झालं तर दोघींना माहीत असलेला बरा.

एक अट. यापुढं ‘सदर’ लिहिलंस तर पिकअप पाठवीन.

तुझी आत्या


म्हसरूळ, नाशिक
२९ डिसेंबर

ती. सुलाआत्यास आम्हां दोघींचा नमस्कार.

तुझी अट वाचली. ती जाचक आहे, मान्य आहे.

चतुराबाईंकडे मी तोंडाने गेले. दार वाजवले आणि ‘भुरी परत आली आहे, ती इथेच राहील, आणि संध्याकाळी मी तिच्याशीच बोलते,’ असे सलग तीन वाक्यांत सांगितले. त्यांनी दार पूर्ण उघडले. मग म्हणाल्या, ‘अगं बाई, तुला बोलता येतं!’ आणि मागोमाग, ‘माझ्याकडेही उंदीर झालेत, तिला जरा खाली पाठवशील का?’ मी म्हणाले, तिला पाठवून काही होणार नाही, पण पाठवते. ती काल गेली होती. तिने चतुराबाईंच्या उंदरालाही वाट करून दिली आणि त्यांच्या मांडीवर झोपून आली. चतुराबाई आता मला विचारतात, ती पुन्हा केव्हा येणार.

दुसरा सराव पाठ झाला. तोच वर्ग, तोच श्लेष. फळ्यासमोर उभी राहिले आणि आपोआप फळ्याकडेच वळले. मग पहिल्या बाकावर फुलाबाई बसल्या आहेत असे मानले, आणि टेबलावर, माझ्या टिपणांवर, भुरी. ‘विद्यार्थी मित्रांनो’ म्हणाले. मागून एक मुलगा ओरडला, ‘बाई, हळू बोला, शेजारच्या वर्गाचे लोक दारात आलेत.’ मॅडमनी शेऱ्यात लिहिले आहे : ‘उदाहरण नवीन आहे. कोठून घेतले?’ मी दिंडोरी म्हणाले.

या सगळ्याची गोळाबेरीज तू मागशील म्हणून सांगते. शब्दकोश याही महिन्यात राहिला. नवी ओढणी घेतली, तीही आता राखाडीच आहे. उंदीर आहे तिथेच आहे. हातावर पुन्हा ओरखडे आहेत. बाकी आम्ही दोघी आनंदात आहोत. या शेवटच्या वाक्यात कोणताही श्लेष नाही, ते रविराजदादाला मोठ्याने वाचायला हरकत नाही.

तुझी,
योगिनी

ता. क. डॉक्टरांनी काल वजन केले. भुरी चांगलीच वाढली आहे. औषध मारू नये.